दोन पॉइंट छप्पन सेकंद

आमच्या कॉलनीत दुपारी दोनला भोंगा झाला की लहान मुलं गच्चीवर धावतात. समोरच्या कोळसा खाणीत त्या वेळी ब्लास्टिंग होतं. आधी लांबवर काळपट मातीचा फुगा वर येतो, अगदी मुका. मग पायाखालची गच्ची किंचित थरथरते. आणि मग, आपण विसरून जायच्या बेतात असताना, आवाज येतो. फुगा दिसला की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं. आलेल्या आकड्याला तीननं भागलं की खाणीचं तोंड किती किलोमीटरवर आहे ते कळतं. दिवाळीत लांबवर आकाशात फटाका फुटला की बाकीची मुलं ओरडतात, आमच्या कॉलनीतली मोजतात.

हा खेळ मला बाबांनी शिकवला. मी चार वर्षांची होते, त्यांच्या खांद्यावर.

"दिसलं ते होऊन गेलं, समजलं?" ते म्हणाले. "आवाज मागून पायी पायी येऊन राहिला. मोज."

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मी सहा म्हणायच्या आत बाबाच म्हणाले, "सहा."

बाबा असेच होते. प्रफुल्ल पिंपळशेंडे, शॉवेल ऑपरेटर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या फावड्याचे मालक, म्हणजे मालक कंपनी, पण चालवायचे तेच. दिवसभर त्या घरघरीत बसायचे, वॉकीटॉकीवर दोन शब्दांत हुकूम घ्यायचे आणि द्यायचे. घरी आले तरी त्यांचं तेच. समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं ते स्वतः पूर्ण करायचे आणि त्याचं उत्तरही देऊन टाकायचे. सहावीत मी धावत घरी आले आणि म्हणाले, "बाबा, मला शाळेत कबड्डीच्या—" तर ते म्हणाले, "बूट पाहिजे. रविवारी पाहू." मला टीममध्ये घेतलं होतं. कप्तान केलं होतं. बूट मिळाले. कप्तान झाल्याचं सांगायचं राहून गेलं, आणि पुढच्या महिन्यात मी कबड्डी सोडली.

आई तर बोलणंच सोडून बसली होती. तिची वाक्यं 'मी म्हणत होती की' इथं सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. मी शाळेत 'हो मॅडम' आणि 'नाही मॅडम' एवढ्यावर सातवी पास झाले.

आणि मग बाबा चंद्रावर गेले.

*

चंद्राच्या दक्षिण टोकाला काही खड्डे आहेत, जिथं ऊन कधीच पोचत नाही. तिथल्या मातीत बर्फ आहे. ते उकरायला माणसं हवी होती, आणि उकरणं हा धंदा आमच्याइतका कुणाला येतो. सहाशे अर्जांतून आमच्या खाणीतला एकच माणूस निवडला गेला. बाबा. कॉलनीच्या चौकात दुमजली फ्लेक्स लागला: 'चंद्रवीर प्रफुल्लभाऊ पिंपळशेंडे'. मध्ये हेल्मेट घातलेले बाबा, मागे त्यांच्यापेक्षा छोटा चंद्र, आणि खाली शुभेच्छुकांची बावीस डोकी. मी मोजली आहेत. डीजे लावून मिरवणूक निघाली. ट्रेनिंग धरून सव्वादोन वर्षांचा करार. दिवाळीनंतर ते ट्रेनिंगला गेले आणि होळीच्या सुमाराला यान सुटलं. टीव्हीवर ते आम्ही शंभर माणसांनी आमच्या एका खोलीत बसून पाहिलं.

दर रविवारी सकाळी दहाला फोन. फक्त आवाज, चित्रं पाठवायची वाट कंपनीनं यंत्रांसाठी राखलेली असते. पहिल्या रविवारी नुसती टक्कर झाली. आई म्हणाली, "ऐकू येते का?" उत्तर नाही. म्हणून ती पुन्हा म्हणाली, "ऐकू येते का?" त्याच वेळी तिकडून "हो हो" आलं, मग दोघंही गप्प, मग दोघंही एकदम. आपला आवाज तिथं पोचायला सव्वा सेकंद, त्यांचा यायला सव्वा सेकंद. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं: समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे, मध्ये बोलू नये. आम्ही घरात नियम केला. बोलणं संपलं की 'झालं' म्हणायचं, मग दुसऱ्यानं सुरू करायचं.

तिसऱ्या रविवारी माझी पाळी आली. मी म्हणाले, "बाबा, गणिताच्या सरांनी मला फळ्यावर बोलावलं आणि मला उत्तर येत होतं तरी मी नाही म्हणाले, कारण सगळे बघत होते. झालं."

अडीच सेकंद. मग चंद्रावरून माझ्या बाबांनी मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला.

"मग पुढच्या वेळी जाशील का? झालं."

मी गेले. पुढच्या वेळी गेले, त्याच्या पुढच्या वेळी हात वर करून गेले. दर रविवारी मला एक पूर्ण वाक्य मिळायचं, मग दोन, मग सगळा आठवडा. मधल्या थांबण्यात मला वाटायचं की माझं बोलणं आत्ता प्रवासात आहे, काळ्या आकाशातून चाललंय, त्याला कुणी अडवू शकत नाही. नववीत मी वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले. शाळेत मला लाउडस्पीकर म्हणतात. मला आवडतं ते.

आईसुद्धा बदलली. तिला शेवटी 'की'च्या पुढचं वाक्य सापडलं होतं. ती बाबांना सांगायची की भिंतीला ओल आलीय, की तिनं शिवणाचा क्लास लावलाय, की तिला समुद्र पाहायचाय. आणि बाबा ऐकायचे. आमचं घर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर लांब झालं तेव्हा कुठं त्यात सगळ्यांना बसायला जागा झाली.

*

आता थोडं विज्ञान. मला हे समजावून सांगायला आवडतं, त्यामुळे सहन करा.

प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो. रेडिओची लहरही तेवढीच. एवढा वेग ऐकला की वाटतं, मग तो लगेचच पोचत असेल. पण 'लगेच' असं काही नसतंच. जेवताना आई माझ्यापासून तीन मीटरवर बसते. तिच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश माझ्या डोळ्यांत यायला दहा नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदाचे दहा कोटी भाग करा आणि त्यातला एक घ्या. तेव्हा मला दिसते ती आई दहा नॅनोसेकंद जुनी असते. सूर्य आठ मिनिटं जुना. एखादा तारा माझ्या पणजोबांच्या वेळचा. आपण ज्याला 'आत्ता' म्हणतो, ती वेगवेगळ्या गावांहून वेगवेगळ्या दिवशी निघालेली आणि एकाच सकाळी दारात पडलेली पत्रं असतात. आपण ती सगळी एकदम उघडतो आणि म्हणतो, हे आजचं जग.

हे मी दहावीत मडावी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. मडावी मॅडम आमच्या विज्ञानाच्या. त्या कधी कुणाला शाबास म्हणत नाहीत. फार झालं तर 'बरं' म्हणतात.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग प्रदर्शनात काय ठेवशील? ही पत्रं?"

"चंद्राचं अंतर मोजीन मॅडम. टाळी वाजवून."

त्यांनी चष्मा वर सरकवला.

"मी फोनवर टाळी वाजवते," मी म्हणाले. "ती बाबांच्या स्पीकरमधून तिथं वाजते, त्यांच्या माइकमध्ये शिरते आणि परत येते. दोन टाळ्यांमधला वेळ मोजला की झालं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर सेकंदाचा हजारावा भागसुद्धा दिसतो."

"आणि एकदा मोजून भागेल?"

"नाही. चंद्राची वाट लंबगोल आहे. महिन्यातून एकदा तो तीन लाख त्रेसष्ट हजारावर येतो, एकदा चार लाख पाच हजारावर जातो. जवळ असताना टाळी दोन पॉइंट बेचाळीस सेकंदांत परत येईल, लांब असताना दोन पॉइंट सत्तरमध्ये. दर रविवारी मोजलं की तो जवळ येताना आणि लांब जाताना ऐकू येईल. खरंच ऐकू येईल मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पिंपळशेंडे," त्या म्हणाल्या, "हे जिल्ह्यात कुणी केलेलं नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे मिरवणूकच.

बाबांनाही गंमत वाटली. "वाजव टाळी," ते म्हणाले. "मी गप्प बसतो. कितीदा पाहिजे तितक्यांदा वाजव. झालं."

मी नऊ रविवार टाळ्या वाजवल्या.

*

पहिला रविवार: दोन पॉइंट चौसष्ट. दुसरा: दोन पॉइंट चौसष्ट. तिसरा: दोन पॉइंट पासष्ट. चौथा: दोन पॉइंट चौसष्ट.

वायरी, मधली केंद्रं, यंत्रं, यांत थोडा वेळ जातो, तो धरला होता मी. सेकंदाचे आठ शतांश. पण तो दर वेळी सारखाच जातो. चंद्र मात्र त्या महिन्यात बेचाळीस हजार किलोमीटर मागेपुढे झाला होता, आणि माझ्या आलेखावरची रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती.

मला वाटलं माझंच चुकलं. दुसरा मोबाइल घेतला. खोली बदलली. नागपूरच्या आत्याला फोन लावून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. यंत्रणा ठीक होती. मग वरोऱ्याच्या एका मुलीची मावशी चंद्रावरच्या दुसऱ्या एका तळावर स्वयंपाकघर सांभाळते असं कळलं. त्या मुलीला मी गळ घातली. तिनं तीन रविवारी टाळ्या रेकॉर्ड करून पाठवल्या. दोन पॉइंट बावन्न. दोन पॉइंट सहासष्ट. दोन पॉइंट सत्त्याहत्तर. तिच्या मावशीचा चंद्र हलत होता.

नवव्या रविवारी बाबांचा आकडा आला, दोन पॉइंट चौसष्ट. त्यातून आठ शतांश वजा केले की उरतात दोन पॉइंट छप्पन. आमच्या पाठ्यपुस्तकात पान एकशे बारावर छापलंय: चंद्राचे सरासरी अंतर, प्रकाशाला जाऊन-येऊन लागणारा वेळ दोन पॉइंट छप्पन सेकंद.

चंद्र सरासरी अंतरावर नऊ आठवडे थांबून राहत नाही. पाठ्यपुस्तकातला आकडा राहतो. कुणीतरी तो यंत्रात भरला होता.

मी वही मिटली. दुपारचे दोन वाजले होते. भोंगा झाला. खिडकीतून फुगा दिसला आणि मी सवयीनं मोजायला लागले, आणि तीनवर थांबले. माझ्या डोक्यात तो आवाज आधीच पोचला होता.

*

आई खलबत्त्यात जवसाची चटणी कुटत होती. मी दारात उभी राहून म्हणाले, "आई, बाबा चंद्रावर नाहीत."

बत्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

"कुणी सांगितलं?"

"टाळीनं."

तिनं चटणी बोटानं सारखी केली. "मला वाटलं, तुला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "मग तुझी ती टाळी सुरू झाली तेव्हा वाटलं, आता कळलं तर कळलं."

"तुला माहीत होतं?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"त्यांनी सांगितलं?"

"त्यांना कुठं माहीत आहे मला माहीत आहे ते." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "एका रविवारी तू क्लासला होती. मी त्यांना सांगून राहिली होती की, माझ्या मनात एकदा समुद्राला जायचं आहे, आणि तेवढ्यात ते म्हणाले, 'समुद्रात काय ठेवलं आहे, खारं पाणी.' मध्येच. माझं वाक्य अर्धं असताना. चंद्रावरून कसं मध्येच बोलता येईल?"

मी आत येऊन तिच्यासमोर बसले.

"दोन-तीन वाक्यं मध्येच बोलले. काहीतरी बंद पडलं असेल तिकडं. मग खटका वाजल्यासारखं झालं आणि परत थांबायला लागले." तिनं बत्त्याला लागलेलं जवस पुसून घेतलं. "मी म्हटलं, राहू दे. कुठं का असेनात. मला थांबलेलेच बरे वाटले."

"आई, पण सगळं गाव—"

"गावाचं मला काही नाही. पुढच्या रविवारी मी समुद्राचं पुन्हा सांगितलं. पूर्ण. ते म्हणाले, 'आल्यावर जाऊ.' सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा." ती पुन्हा कुटायला लागली. "तुझं प्रदर्शन शनिवारी आहे ना?"

शनिवारीच होतं. आणि तिथं, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांसमोर, बाबांना प्रत्यक्ष फोन लावून मी टाळी वाजवणार होते. मडावी मॅडमनी कंपनीला पत्र लिहून परवानगी आणली होती. हॉलमध्ये तिघे परीक्षक असणार होते, त्यातले एक खगोलशास्त्राचे. चंद्र त्या दिवशी अगदी जवळ येणार होता. त्यांना ते माहीत असणार. रेघ सरळ दाखवली तर बाबा उघडे पडणार. माघार घेतली तर मी पुन्हा 'नाही मॅडम'.

*

बुधवारी सकाळी शाळेआधी प्रदर्शनाच्या तालमीसाठी दहा मिनिटांचा फोन मिळाला होता. आई माझ्या शेजारी पलंगावर बसली. मी वाक्य पाठ केलं होतं. फार साधं होतं: बाबा, तुम्ही कुठंही असलात तरी मला चालेल, मला फक्त तुमच्याशी असंच बोलत राहायचं आहे.

पण सुरुवात आकड्यांनी केली. "बाबा, नऊ आकडे आले. नऊही सारखे. चंद्र हलला, आकडा हलला नाही. वरोऱ्याच्या मावशींचा हलला. झालं."

मी मोजलं. दोन पॉइंट चौसष्ट गेले. चार गेले. सहा गेले, आमच्या खाणीचा आवाज इतक्यात येऊन पोचला असता.

मग खटका वाजला, आणि बाबांचा आवाज एकदम जवळ आला, कानाला लागेल असा.

"कुणाला सांगितलं?"

"अजून कुणाला—"

"मडावी मॅडमला सांगितलं?"

"नाही बाबा, मी आधी—"

"आईला सांगू नको. तिला झेपणार नाही." आई दीड फुटावर होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "ऐक आता. शेवटच्या तपासणीत माझ्या कानात खोट निघाली. तोल सांभाळायचं असते ना आतमध्ये, त्यात. यान सुटायला अकरा दिवस राहिले होते. चौकात फ्लेक्स लागला होता, चार्वी. मिरवणूक झाली होती. मी काय एसटीनं परत येऊ? कंपनीलाही बोभाटा नको होता, यादीत नाव राहू दिलं."

"बाबा, तसं नाही, मला—"

"आणि खोटं तरी काय आहे? फावडं चंद्रावरच आहे. मी इथं, यान सुटते त्या किनाऱ्यावर, खुर्चीत बसतो आणि तिकडं माती उकरतो. दांडा ओढला की अडीच सेकंदांनी फावडं हलताना दिसते. माझे हात तिथंच आहेत. माणूस कुठं असतो मग? हात आहेत तिथं की बूड आहे तिथं?"

हा प्रश्न चांगला होता. पत्रांच्या गोष्टीपेक्षाही चांगला. मी त्याचं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मला—"

"नव्या पोरांना शिकवायला इथं एक यंत्र आहे. त्यात तो वेळ बसवलेला असते, चंद्रासारखा. फोन त्यातून घेतला. कुणाचं काय गेलं?"

"बाबा, तुम्ही कुठंही असलात तरी मला फक्त—"

"तुला फक्त प्रदर्शनाचं पडलं आहे, माहीत आहे मला. सांगून टाक तापानं फणफणली म्हणून. पुढच्या वर्षी घे भाग."

बूट पाहिजे. रविवारी पाहू.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती फोनकडे पाहत होती, लांबून आलेल्या पाहुण्यात बदल दिसल्यावर पाहावं तशी. अठरा महिने मी ज्यांच्याशी बोलले ते बाबा एका शिकाऊ यंत्रातल्या दोन पॉइंट छप्पन सेकंदांत राहत होते. ते चंद्रावरही नव्हते आणि किनाऱ्यावरही नव्हते. माझं हात वर करणं, फळ्यावर जाणं, वक्तृत्वाचा कप, सगळं त्या फटीत उगवलं होतं. आणि बाबांना ते माहीतच नव्हतं. त्यांना वाटत होतं की ते आमच्यापासून आपली जागा लपवून राहिलेत.

"ते परत लावा," मी म्हणाले.

"काय?"

"ते यंत्र. लावा आधी. मग बोलू."

"आता काय उपयोग, तुला कळलं—"

"लावा बाबा."

मी त्यांना मध्येच तोडलं होतं. तेवढं मलाही येत होतं, तर. खटका वाजला. आवाज लांब गेला.

"त्यातला आकडा बदलता येतो का? झालं," मी विचारलं.

दोन पॉइंट चौसष्ट. "येतो. गोल खटका आहे. झालं."

"शनिवारी दोन पॉइंट बेचाळीस ठेवा. चंद्र जवळ आहे. त्याच्या पुढच्या रविवारी दोन पॉइंट पंचावन्न. मग सत्तर. मी तक्ता करून देते. झालं."

या वेळी उत्तराला साडेतीन सेकंद लागले. त्यातले दोन पॉइंट चौसष्ट यंत्राचे होते. उरलेले त्यांचे स्वतःचे. आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी स्वतःहून घेतलेला तेवढाच वेळ, जवळजवळ एक सेकंद. मी तो मोजून ठेवला आहे.

"लिहून घेतलं," ते म्हणाले. "झालं."

पाठ केलेलं वाक्य मी तेव्हा म्हणू शकले असते. जागा होती. पण ते खरं राहिलं नव्हतं.

*

नऊ रविवारांचे नवे आकडे मी गुरुवारी संध्याकाळी एका बैठकीत तयार केले. आधी सूत्रानं खरे काढले, मग त्यांत थोड्या चुका मिसळल्या, एखादा आकडा जरा वर, एखादा जरा खाली. अगदी बरोबर आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. रेघ सुंदर आली, लाटेसारखी.

शनिवारी चंद्रपूरच्या हॉलमध्ये चारशे मुलं होती. मी स्टेजवर गेले, माइक हातात घेतला आणि बोलले; पत्रांचं सांगितलं, दहा नॅनोसेकंद जुन्या आईचं सांगितलं, आणि हॉल हसला आणि गप्प झाला, जिथं हवं तिथं. फोन लागला. मी टाळी वाजवली. पडद्यावर टाळीच्या आवाजाचा पहिला खांब उठला, मग दुसरा. दोन पॉइंट पन्नास. आठ शतांश वजा. खगोलशास्त्राचे परीक्षक खुर्चीत पुढं झुकले.

"बाबांना काही विचारायचं आहे का?" सूत्रसंचालकांनी मला विचारलं.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही जिथं आहात तिथं मी नीट ऐकू येते का? झालं."

माझ्या कॉलनीतल्या मुलांनी मोजायला सुरुवात केली, आणि मग सगळा हॉल मोजायला लागला. एक. दोन.

"नीट ऐकून राहिलो, बेटा," बाबा म्हणाले. "पूर्ण ऐकलं. झालं."

टाळ्या थांबेचनात. पहिल्या रांगेत आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं. तसं म्हटलं तर तेही खोटं नव्हतं.

पहिला नंबर आला. परत येताना गाडीत मडावी मॅडमनी माझी वही मागून घेतली आणि बराच वेळ पानं उलटली.

"सगळ्यात काय आवडलं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुझ्या चुका. मुलं आकडे बनवतात ते मला पाहताक्षणी कळतं. तुझ्या चुका प्रामाणिक आहेत. शाबास."

वर्गातल्या कुणाला हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही. मडावी मॅडम शाबास म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

तक्ता मी पुढच्या होळीपर्यंतचा करून दिला आहे. रविवारी आई आधी मला विचारते, "आज किती?" आणि मी सांगते. ती मान हलवते, मग फोन घेते आणि समुद्राचं काहीतरी सांगते, सावकाश, शेवटपर्यंत.

करार होळीच्या आधी संपतो. चौकात नवा फ्लेक्स लागणार आहे, वर्गणी सुरू झालीय. चंद्रावरून आलेली माणसं सुरुवातीला धडपडत चालतात म्हणे. बाबा आरशासमोर तसं चालून पाहत आहेत, असं त्यांनी मला मागच्या रविवारी हसत हसत सांगितलं. मग ते घरी येतील. आम्ही तिघं जेवायला बसू. माझ्या आणि त्यांच्या पाटात तीन मीटर अंतर आहे, मी टेप लावून मोजलं. प्रकाशाला दहा नॅनोसेकंद. त्यात माझं एकही वाक्य बसत नाही.